अटकेला रेंज लागते

मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडविरहित गाव. १ डिसेंबर २०१६ रोजी तसं समारंभपूर्वक जाहीर झालं. नोटाबंदीला अजून महिनाही झाला नव्हता, निम्मा देश बँकेच्या रांगेत उभा होता, आणि राज्याचे तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार धसईत येऊन सांगून गेले की आता इथे नोटेवाचून कुणाचं काही अडणार नाही. बँक ऑफ बडोदा आणि सावरकर स्मारकाची मंडळी यांनी मिळून दुकानदारांच्या हाती कार्ड घासायची यंत्रं दिली होती. वडापाव कार्डावर मिळतो, याचं शहरातल्या पत्रकारांना इतकं अप्रूप वाटलं की त्या दिवशी वडे नेहमीपेक्षा जास्त खपले असणार. पुढे नोटा परतल्या आणि यंत्रांवर धूळ बसायला लागली. त्यानंतर दुकानोदुकानी ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन चिकटले आणि पैसा पुन्हा फोनमधून वाहू लागला.

समारंभात एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला. पैशाला जायला रस्ता केला की चोराला यायलाही तोच रस्ता होतो.

त्याआधी अशा गावात येऊन कुणाला फसवायचं म्हणजे भामट्याचे हालच होते. कल्याणहून एसटी, मुरबाडला उतरायचं, पुढची जीप भरेपर्यंत वाट बघायची, मग धूळ खात गाव गाठायचं. वेशीवर कुत्री. कुत्र्यांतून सुटला तर पारावर म्हातारी माणसं आणि त्यांचा एकच प्रश्न, ‘कोनाकडं आलाव?’ या प्रश्नाला जगातल्या कुठल्याही ठकाकडे उत्तर नाही. एखादं नाव ठोकून दिलं तर ‘त्यांचं तुमी कोन? लेकीकडचं का सुनंकडचं?’ अशी वंशावळ सुरू होते. नाव नाही सांगता आलं तर चहा पाजतात आणि परतीच्या जीपमध्ये बसवून देतात. एवढी तपासणी विमानतळावरही होत नाही. आता तोच भामटा कुठल्या तरी राज्यात पंख्याखाली बसून थेट माजघरात शिरतो, तोही चपला घालून.

अर्थात आमच्या भागात या लोकांची सुरुवात काही बरी झाली नाही. २०२२ च्या सुमाराला तो वीजबिलाचा मेसेज सगळीकडे फिरत होता: आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याशी बोला. असे मेसेज आमचे नव्हेत, हे महावितरण घसा कोरडा करून सांगत होतं. डोंबिवली-मुलुंडकडची चांगली चांगली माणसं घाबरून त्या नंबरवर फोन करत होती आणि खाती रिकामी करून घेत होती. डोळखांब आणि टोकावड्याकडे मात्र मेसेजचा अर्थ वेगळा लागला. पावसाळ्यात तिकडे वीज संध्याकाळी सातलाच गेलेली असते. त्यामुळे ‘आज साडेनऊपर्यंत ठेवणार म्हणतात, कोण मंत्री येतोय का?’ अशी चर्चा सुरू झाली. एकाने तर दिलेल्या नंबरवर फोन लावून, ‘साहेब, आमची परवापासून गेलीय, ती कधी येणार तेवढं सांगा’ असं विचारलं. समोरच्याने फोन ठेवला. अधिकारी नकली असला तरी वागणं अगदी खऱ्यासारखं निघालं.

यावरून खेड्यातला माणूस फसत नाही असा अर्थ कुणी काढू नये. सपाटून फसतो. पण शहर असो की खेडं, बळी निवडताना भामट्याची नजर हुशार माणसावर असते. भोळा माणूस त्याला परवडत नाही. भोळ्याला एकच गोष्ट चार वेळा समजावून सांगावी लागते, आणि एवढं करून तो म्हणतो, ‘थांबा, पोराला विचारतो.’ हुशार माणसाला विचारायचं कुणीच नसतं, कारण घरात, आळीत आणि ऑफिसात सगळे त्यालाच विचारत असतात.

जुन्या पद्धतीचा धंदाही अजून बुडालेला नाही. मांडूळ घ्या. बिचारा गरीब साप, शेतातले उंदीर खाऊन जगतो. शेपूट बोथट असल्यामुळे दोन्हीकडे तोंड असल्यासारखा दिसतो, एवढाच त्याचा अपराध. पण तो घरात ठेवला की पैशांचा पाऊस पडतो, वजन अमुक भरलं की किंमत कोटीत, परदेशात त्याची औषधं होतात, या कथा काही थांबत नाहीत. वन्यजीव कायद्याने तो विकणंही गुन्हा आणि घेणंही. तरी ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांत मांडूळ विकायला आलेली टोळी अधूनमधून सापडतेच. मला कुतूहल असतं ते घेणाऱ्याचं. रानात जन्म काढलेला ठाकूर किंवा कातकरी मांडूळ दिसला तर बाजूने निघून जातो. आपल्या बापजाद्यांवर कधी रुपयाचाही पाऊस पडला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. छतातून पैसे गळायला हवे असतात ते स्लॅबच्या बंगल्यात राहणाऱ्याला.

त्याच घराण्यातला दुसरा प्रकार म्हणजे ‘राइस पुलर’. तांब्याचं जुनं भांडं, कधीकाळी त्यावर वीज पडलेली, त्यामुळे त्यात अशी काही शक्ती आलेली की तांदळाचे दाणे आपोआप त्याच्याकडे ओढले जातात. हे भांडं नासा कोट्यवधी रुपये मोजून विकत घेते. फक्त तपासणीचा खर्च, शास्त्रज्ञाचं विमानाचं तिकीट आणि किरणोत्सर्गापासून बचाव करणाऱ्या पोशाखाचं भाडं तेवढं आधी भरायचं. देशभरात यात व्यापारी बुडाले, बिल्डर बुडाले. शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख आहे. इथल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने फुकटात सांगितलं असतं की तांदूळ भांड्याला चिकटायला चुलीची आच मोठी असली की पुरे, त्यात नासाला पडायचं कारण नाही. पण तिला विचारणार कोण? ‘किरणोत्सर्ग’ म्हटलं की शिकलेला माणूस शंका काढायची सोडून मान डोलवायला लागतो. शंका काढली तर आपल्याला विज्ञान येत नाही असं दिसेल ना!

हा रोग जुना आहे आणि रोगी थोर थोर आहेत. १७२० साली लंडनला साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला, त्यात आयझॅक न्यूटनचे पैसे गेले. वर गेलेली वस्तू खाली येते हे ज्याने जगाला गणितासकट पटवलं, त्याला स्वतःला काही ते वेळेवर पटलं नाही. शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल तर पऱ्यांवर फसले. यॉर्कशायरमधल्या दोन मुलींनी पुठ्ठ्याच्या पऱ्या कापल्या, टाचण्यांनी झाडोऱ्यात उभ्या केल्या आणि फोटो काढले. डॉयलसाहेबांनी १९२० मध्ये मासिकात लेख लिहून त्या पऱ्या खऱ्या असल्याचं जाहीर केलं. मुलींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, स्वतः म्हाताऱ्या झाल्यावर. एवढ्या मोठ्या माणसाला फसवल्यावर आता खरं सांगायचं कसं, या संकोचाने त्या इतकी वर्षं गप्प राहिल्या होत्या.

आपल्याकडे २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात एकाच नावाने दोन प्रयोग झाले, ते शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. तेव्हा सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. एका ठकाने त्यांचा फोटो लावून समाजमाध्यमावर कुणाला तरी निरोप पाठवला की न्यायाधीशांची तातडीची बैठक आहे, मी दिल्लीत कनॉट प्लेसला अडकलोय, टॅक्सीला पाचशे रुपये पाठवा. हे कुणाला पटलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांत तक्रार केली आणि प्रकरण हसण्यावारी गेलं. त्याच महिन्याच्या अखेरीला दुसऱ्या टोळीने लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना गाठलं. वय ८२, पद्मभूषण, कापडाच्या धंद्यात देशभर नाव. त्यांना सांगितलं गेलं की एका मोठ्या गैरव्यवहारात तुमचं नाव आलंय, तुम्ही आमच्या नजरकैदेत आहात. मग व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालय भरवलं. न्यायासनावर चंद्रचूडांचा तोतया, हातोड्याचा आवाज, शिक्क्याचा आदेश. सात कोटी गेले. सव्वापाच कोटी पोलिसांनी पुढे परत मिळवले, पण जाताना सात गेले. सरन्यायाधीशाला टॅक्सीला पाचशे रुपये कमी पडतील, हे खोटं लहान होतं म्हणून पकडलं गेलं. एका माणसासाठी अख्खं न्यायालय स्काइपवर भरेल, हे पचलं.

पुण्यातला किस्साही असाच. सप्टेंबर २०२२ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की या खात्यांमध्ये पैसे भरा. भरले. एक कोटीच्या वर. आमच्याकडे सरपंचाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘रस्त्याच्या दिव्याला बल्ब आणा’ असं सांगून बघावं. ग्रामसेवक आधी ठराव मागेल, मग तीन दरपत्रकं, मग निधी कुठल्या शीर्षाखाली टाकायचा ते विचारेल, आणि तोवर पुढची निवडणूक येईल. जगभरच्या कंपन्या सायबर सुरक्षेवर पाण्यासारखा पैसा ओततात. त्यांच्या लोकांना महिनाभर एखाद्या ग्रामपंचायतीत बसवावं, एक दमडी बाहेर जाणार नाही.

आसनगावहून मुंबईला रोज जाणारा हुशार माणूस हा भामट्यांचा लाडका. बसायला जागा मिळाली तर हातात दोन तास आणि फोन. अशा एका इंजिनिअरसाहेबांना कुणी तरी शेअरबाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. ग्रुपवर रोज सकाळी ‘प्रोफेसर सर’ टिपा द्यायचे आणि संध्याकाळी दीडशे सभासद आपापल्या नफ्याचे आकडे टाकून सरांचे आभार मानायचे. साहेब महिनाभर नुसते बघत राहिले. अभ्यास केला. वहीत तक्ते काढले. कुणाच्या सांगण्यावरून पैसे टाकणाऱ्यांतले ते नव्हतेच. पूर्ण खात्री झाल्यावरच त्यांनी ते अ‍ॅप उतरवून घेतलं. अ‍ॅपमध्ये नफा दिसायचा, तोही पैशापर्यंत अचूक. काढायला गेले तेव्हा ‘आधी कर भरा’ म्हणून सांगण्यात आलं, तोही त्यांनी भरला, कारण करचुकवेगिरी त्यांना अगदी मान्य नाही. मग कळलं की ग्रुपवरच्या दीडशे माणसांत खरे ते एकटे होते. बाकीचे सगळे मिळून दोन-तीन पोरं असावीत. मला त्या पोरांचं कौतुक वाटतं. एका इंजिनिअरसाठी दीडशे माणसांनी महिनाभर नाटक करायचं, इतका प्रेक्षकाचा मान आजकाल रंगभूमीवरही राहिलेला नाही.

मुरबाडकरांना एवढं दूर जायची गरज पडली नाही. टोरेसचं दुकान कल्याणलाच होतं. दागिन्यातला चमकणारा खडा घ्या आणि दर आठवड्याला परतावा मिळवा, अशी ती योजना. जानेवारी २०२५ मध्ये दुकानांना टाळं लागलं आणि लोक बाहेर दगड घेऊन उभे राहिले. त्यात भाजीवाले होते, रिक्षावाले होते, तसे पगारदारही होते. एका गोष्टीची मला गंमत वाटते. भाजी घेताना हाच माणूस मेथीची जुडी सोडून, आतली पिवळी काडी बाहेर काढून, भाव दोन रुपये पाडून घेतो. मेथी रोजची आहे ना. हिऱ्यासारखा दिसणारा खडा रोजचा नसल्यामुळे तिथे आतली काडी बघायचं सुचत नाही.

पण सगळा माल एकाच दिशेने जातो असं समजून आमच्या तालुक्यांवर अन्याय करू नका. आमच्याकडूनही निर्यात होते. मुंबईचे सी.ए., डॉक्टर, बँकेतले मोठे साहेब असे लोक शनिवार-रविवारी शहापूर आणि मुरबाडला बंगल्याचे प्लॉट बघायला येतात. माहितीपत्रकावर माहुलीचे सुळके, भातसाच्या पाण्याचा फुगवटा आणि झोपाळ्यावर बसलेलं जोडपं. ‘समृद्धी महामार्गापासून पाच मिनिटं.’ ती पाच मिनिटं कुठल्या वाहनाने हे लिहिलेलं नसतं. मुरबाडच्या पत्रकावर ‘नियोजित रेल्वे स्थानकाजवळ’ असं असतं. कल्याण-मुरबाड रेल्वेची आम्ही किती निवडणुका वाट बघतोय ते कुठल्याही मुरबाडकराला विचारावं. तो फक्त हसेल, आणि ते हसूच काय तो माहितीचा खरा साठा. मग इसार दिला जातो. नंतर कळतं की तोच प्लॉट चौघांना दिलाय, किंवा जमीन वनखात्याची आहे, किंवा ती आदिवासींची असल्यामुळे शासनाच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेताच येत नाही. आणि सगळं कायदेशीर निघालं तरी एप्रिलमध्ये नळाला पाणी नसतं. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईची तहान भागवतंय आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. ज्या पाण्याकडे बघून साहेबांनी प्लॉट घेतला ते पाणी त्यांच्या आधीच मुंबईला, बहुतेक त्यांच्याच फ्लॅटला, जाऊन पोचलेलं असतं. शहापूरकराला या व्यवहाराचं काहीच वाटत नाही. आधी दे, मोबदल्याचं नंतर बघू, हा अनुभव त्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतलाय.

लोकांना सावध करायला सरकारने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सायबर फसवणुकीबद्दल बजावायचे. म्हातारीला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलवायची तरी आधी त्यांचं सगळं ऐकून घ्यावं लागे. लोक इतके वैतागले की जून २०२५ मध्ये ती धून बंद झाली. आमच्याकडे गोंधळ आणखी वेगळा होता. त्याआधी कित्येक वर्षं ‘केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागलीय’ असे मेसेज त्याच बच्चनसाहेबांच्या फोटोसह येत होते. आता तेच सांगत होते की असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका. ‘ह्यातला खरा कंचा?’ असा सरळ प्रश्न एका आजोबांनी विचारला आणि त्याचं उत्तर कुणाला देता आलं नाही.

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसा गावची यात्रा भरते. घोंगड्या मिळतात, बैलांचा मोठा बाजार बसतो. बैलबाजाराची जुनी रीत म्हणजे रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचा. तोंडाने आकडा नाही. शेजारी उभ्या माणसाला तर नाहीच, बैलालाही आपली किंमत कळत नाही. असा जन्मभर रुमालाखाली व्यवहार केलेला माणूस मी मुरबाडच्या एसटी स्टँडवर पाहिलाय. फोन स्पीकरवर, कानापासून हातभर लांब. ‘हां, लिवा... सहा... चार... नाय नाय, सहा! साताच्या आधीचा सहा!’ आजूबाजूच्या सगळ्या स्टँडने तो ओटीपी ऐकला, आणि त्यातल्या एकालाही त्याचा उपयोग करायचा नव्हता. ज्याला करायचा होता त्याने केला.

सगळ्यांत सुरक्षित खातं आमच्या शेजारच्या काकींचं. त्यांना लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये मिळतात. २०२५ मध्ये ई-केवायसी करून घ्या असा हुकूम निघाला, लगोलग खोट्या वेबसाइटही निघाल्या आणि सरकारला पुन्हा त्यांच्यापासून सावध करावं लागलं. काकींच्या फोनवरही एक लिंक आली. काकींनी ती नातवाला दाखवली. तो क्रिकेट खेळत होता. मग अंगणवाडीच्या बाईंना दाखवली. मग किराणावाल्याला. मग शहापूरला जाताना एसटीच्या कंडक्टरला, आणि परत येताना वेगळा कंडक्टर होता म्हणून त्यालाही. पाच जणांनी पाच मतं दिली, त्यामुळे काकींनी काहीच केलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून महा-ई-सेवा केंद्रात जाऊन बसल्या. काकींच्या खात्यात किती रुपये आहेत हे आख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणून ते अजून खात्यात आहेत.

आता गुरुजी. गुरुजी प्रत्येक गावात एक असतात. निवृत्त मुख्याध्यापक, अर्ध्या तालुक्याचे शिक्षक, गावातल्या प्रत्येक अर्जाचा मसुदा त्यांच्या हातचा. फसवणुकीच्या धंद्यात गुरुजींना फार मागणी असते, आणि तिची कारणं साधी आहेत. एक तर आयुष्यभर प्रश्नोत्तरांत गेल्यामुळे कुणी प्रश्न विचारला की उत्तर न देणं त्यांना जमतच नाही. आधार क्रमांक काय, जन्मतारीख काय, आईचं नाव काय. पूर्ण वाक्यात उत्तर देतात. दुसरं म्हणजे सरकारी नोकरीत मुरलेलं भय. एखाद्या व्यापाऱ्याला ‘तुमच्यावर केस झालीय’ असं सांगितलं तर तो विचारतो, ‘कसली केस?’ वर्षानुवर्षं शालेय पोषण आहाराचे तांदूळ नि पटपडताळणीचे तक्ते सांभाळलेला माणूस विचारतो, ‘कुठली?’ म्हणजे त्याच्या डोक्यात निदान चार संभाव्य केसेस तयारच असतात. एका पोत्यात तीन किलो तूट आली होती, ती १९९८ ची. ती निघाली असेल का?

साहेबाचा हुकूम म्हटला की मान खाली घालायची, ही सवय मुंबईच्या चोरांनी फार आधी हेरली होती. १९ मार्च १९८७ रोजी ऑपेरा हाउसच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सीबीआयची धाड पडली. धाड घालायला आलेली मुलं खरोखर स्वतःला सीबीआयचे नवे कर्मचारी समजत होती, कारण दोनच दिवस आधी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून त्यांनी मुलाखती दिल्या होत्या. त्यांचा साहेब दागिने घेऊन गेला तो आजपर्यंत परतलेला नाही. पुढे त्यावर ‘स्पेशल २६’ सिनेमा निघाला. तेव्हा निदान प्रवासखर्च तरी करावा लागायचा. आता साहेब घरूनच धाड घालतो आणि तिला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतो. असली अटक कायद्यात कुठेच नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही सांगितलं. गुरुजी ‘मन की बात’ नेमाने ऐकतात. त्यांनी ती सूचना वहीत उतरवून घेतली होती, खाली तारीखही घातली होती.

आमच्या गुरुजींचं गाव माळशेजच्या पायथ्याकडे. तिकडे घरात रेंज नसते. गावाबाहेरच्या टेकाडावर एक जांभळीचं झाड आहे, त्याच्याखाली दोन कांड्या येतात. एका सकाळी गुरुजी तिथे मुलीला फोन लावायला गेले असताना त्यांना सीबीआयचा व्हिडिओ कॉल आला. तुमच्या आधारवर परदेशी पार्सल पाठवलं गेलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही अटकेत आहात, खोलीत एकटे बसा, दार लावा, कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही.

‘साहेब, खोलीत रेंज नाही,’ गुरुजी म्हणाले.

साहेब गडबडला. असा कैदी त्याला पहिल्यांदाच भेटत असावा. ‘मग जिथे रेंज आहे तिथेच एकटे बसा.’

आता आमच्याकडे जिथे रेंज असते तिथे एकटं बसणं हे सृष्टीच्या नियमात बसत नाही. वासिंदला दिलेल्या लेकीशी बोलायला आलेली एक बाई होती, परीक्षेचा फॉर्म भरणारी दोन पोरं होती, शेळ्या होत्या आणि शेळ्यांमागचा म्हातारा होता. गुरुजींनी हुकूम पाळायचा म्हणून सगळ्यांना बजावलं, ‘कुणी माझ्याशी बोलू नका, मी अटकेत आहे.’ दहा मिनिटांत निम्मं गाव टेकाडावर जमलं.

‘आपके पीछे कौन है?’ साहेबाने दरडावून विचारलं.

‘बकरी है, साब.’

‘उसके पीछे?’

‘पूरा वॉर्ड नंबर दो.’

फोनवर वर्दीतला साहेब, मागे झेंडा, टेबलावर अशोकस्तंभ, हे बघितल्यावर मंडळींना जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. एवढा मोठा अधिकारी, समोर, आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणणारा शिपाई मधे नाही. बायकांनी टँकर चार दिवस आला नसल्याचं सांगितलं. एकाने भाताच्या बोनसचं विचारलं. एकाचा फेरफार दोन वर्षं अडकला होता, तो घरी पळत जाऊन सातबाराच घेऊन आला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. साहेब ‘चुप! चुप!’ म्हणत होता, पण हेही लोकांच्या ओळखीचंच होतं, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल कुणाच्या मनात काही राहिलंच असेल तर तेही गेलं. शेवटी शेळ्यांमागच्या म्हाताऱ्याने वाकून स्क्रीनमध्ये तोंड घातलं आणि विचारलं, ‘तू कोनाचा रं?’

कॉल तुटला. रेंज होती, कांड्या दोन्ही शाबूत होत्या.

गुरुजी सोडून सगळे खुशीत घरी गेले. इतका वेळ गाऱ्हाणं ऐकून घेणारा अधिकारी गावाला आजवर मिळाला नव्हता. गुरुजींच्या मुलीने संध्याकाळी जावयाकडून सगळं समजावलं, १९३० वर फोन करून तक्रार नोंदवायला सांगितलं, पैसे गेले नाहीत म्हणून देवापुढे साखर ठेवायला सांगितली. गुरुजींनी ऐकून घेतलं, हो म्हणाले. त्यांना ते पटलंही असावं. पण साहेबाचा हुकूम अर्धवट राहिला ही गोष्ट काही त्यांच्या मनाला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोस्टात आले. हातात तीन प्रतींत लिहिलेला अर्ज होता, समासासकट, आणि सीबीआयचा पिनकोड ते पोस्टमास्तरांना विचारत होते. अर्जाचा विषय मी खांद्यावरून वाचला: ‘ग्रामस्थांच्या व्यत्ययामुळे अर्जदाराच्या अटकेची कार्यवाही अपूर्ण राहिल्याबाबत व पुढील तारीख मिळणेबाबत.’